कॅन्सरची गोळी घरी आली: टार्गेटेड औषधं घेताना कोकणातल्या घराने काय करायचं

माझ्या वेंगुर्ल्याच्या आत्याने गणपतीत पंधरा दिवस गोळी घेतली नाही, आणि ते आम्हाला कळलं दिवाळीत. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी तिला जेफिटिनिब सुरू होऊन पाच आठवडे झाले होते. नाकावर, गालांवर, छातीवर पुळ्या उठल्या होत्या. घरात अकरा दिवसांचा गणपती, मुंबईहून आलेले चाकरमानी, रोज रात्री भजनाला सगळी वाडी. "गो बाय, तोंड ह्या असला घेवन पावण्यांसमोर कशी जाऊ?" असं ती नंतर म्हणाली. गोळी बंद केली तशा पुळ्या बसल्या, तिला बरं वाटलं, आणि ती गप्प राहिली.

कुडाळच्या बाजूला माझं मेडिकल आहे. वीस वर्षांहून जास्त काळ मी लोकांना गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगते आहे. आत्याच्या पुळ्यांवर साधा, स्वस्त उपाय होता. तिने एक फोन केला असता तर चार दिवसांत आराम पडला असता. पण पुळ्या येणार आहेत आणि त्या आल्या की सांगायचं असतं, हे तिला कोणी नीट बसून सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

केमोसाठी माणूस रुग्णालयात जातो. नर्स असते, कोणी तरी बीपी बघतं. टार्गेटेड गोळी मात्र घरी येते, देवळीतल्या डब्यात बसते, आणि डॉक्टर रात्रभराच्या रेल्वे प्रवासाइतका लांब असतो. वॉर्डातलं निम्मं काम घराच्या अंगावर पडतं. ते काम कसं करायचं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. डोस किती, औषध चालू ठेवायचं की थांबवायचं, हे तुमच्या कॅन्सरतज्ज्ञानेच ठरवायचं.

औषध नेमकं करतं काय

माडा-पोफळींना शिपण्यासाठी विहिरीवर पंप असतो. समजा त्याचा स्टार्टर अडकला आणि पंप बंदच होईना. पाणी चालूच, बाग बुडाली. कॅन्सरच्या बऱ्याच पेशींत असंच झालेलं असतं. 'वाढ' असा हुकूम देणारं एखादं प्रथिन जनुकातल्या बिघाडामुळे चालू स्थितीत अडकतं. केमो म्हणजे अख्ख्या वाडीची वीज तोडणं. पंप थांबतो, पण घराघरांतले दिवेही जातात. केसांच्या, रक्ताच्या, आतड्याच्या ज्या पेशी झपाट्याने वाढतात त्यांनाही फटका बसतो. टार्गेटेड औषध त्या एका स्टार्टरवर जाऊन बसतं.

पण त्याच बनावटीचे स्टार्टर शरीरात इतर ठिकाणीही असतात. ईजीएफआर हे प्रथिन फुप्फुसाच्या गाठीत बिघडलेलं असतं, तसं ते कातडीत आणि आतड्यात चांगल्या स्थितीत, रोजच्या कामाला असतं. त्याच्यावर औषध बसलं की कातडीवर पुळ्या येतात आणि जुलाब होतात. आत्याचा चेहरा कॅन्सरमुळे तसा झाला नव्हता, तिच्या अंगात 'उष्णता' नव्हती, नजरही लागली नव्हती. दुष्परिणाम कुठून येतो ते समजलं की माणूस त्याला कमी घाबरतो, म्हणून हे सविस्तर सांगते.

पट्टीवरच्या नावावरूनही बरंच कळतं. शेवटी 'निब' असेल, जसं इमॅटिनिब, जेफिटिनिब, ऑसिमर्टिनिब, तर ती पेशीच्या आत शिरून स्टार्टर दाबणारी गोळी. शेवटी 'मॅब' असेल, जसं ट्रॅस्टुझुमॅब, रिटुक्सिमॅब, तर ती पेशीच्या बाहेरून चिकटणारी अँटिबॉडी, सलाइनमधून किंवा इंजेक्शनने दिली जाते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोनच्या गोळीबरोबर दिलं जाणारं पाल्बोसिक्लिब, बीआरसीए जनुकात दोष असताना दिलं जाणारं ओलापरिब, हीही याच घराण्यातली.

या सगळ्याची वाट दाखवली ती इमॅटिनिबने. एका जातीच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे सीएमएलमध्ये, एक आखूड गुणसूत्र दिसतं हे १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात सापडलं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झाल्याने ते तसं होतं, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. त्या अदलाबदलीतून तयार होणारं प्रथिन दाबणारी इमॅटिनिबची गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. ज्या चाचणीने ती रुजवली, तिच्यात इमॅटिनिबपासून सुरुवात केलेले ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर जिवंत होते. माझ्याकडे दर महिन्याला ही पट्टी न्यायला येणारी माणसं आहेत. भाताची लावणी करतात, मुलांची लग्नं लावतात. प्रत्येक टार्गेटेड औषध इतकं लांब साथ देत नाही, हेही इथेच सांगते.

पहिलं काम: रिपोर्ट नीट बघा, ब्लॉक सांभाळा

'ही नवी गोळी आली आहे म्हणे, केमोपेक्षा सौम्य, आमच्या बाबांना द्या ना' असं काउंटरवर खूप जण म्हणतात. ज्या पंपाचा स्टार्टर अडकलेलाच नाही तिथे ही गोळी काही करत नाही. पूर्व आशियातल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांवरची एक मोठी चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या गाठीत ईजीएफआरचा बिघाड होता त्यांच्यातल्या ७१ टक्के जणांची गाठ जेफिटिनिबने आकसली. ज्यांच्यात तो बिघाड नव्हता त्यांच्यात हे प्रमाण जेमतेम १ टक्का होतं, आणि त्याच गटात केमोने २३ टक्क्यांहून अधिक जणांना गुण आला होता. म्हणजे तपासणीशिवाय गोळी दिली तर चांगला उपाय हातचा जातो, आणि वेळही जातो.

म्हणून बायोप्सीनंतर डॉक्टरांना थेट विचारा: 'जनुकाची कोणती तपासणी केली? काय निघालं?' फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमात, म्हणजे ग्रंथीच्या पेशींतून सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये, किमान ईजीएफआर, एएलके आणि आरओएस१ ही जनुकं बघतात. आपल्याकडच्या अशा रुग्णांत साधारण चारातल्या एकात ईजीएफआरचा बिघाड सापडतो, आणि तो कधीच विडी-सिगारेट न ओढलेल्यांत जास्त असतो. आत्या त्यातलीच. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर२ हे वाढीचा हुकूम देणारं प्रथिन बघतात. रिपोर्टवर ३+ असेल तर पॉझिटिव्ह, ० किंवा १+ असेल तर नेहमीच्या अर्थाने निगेटिव्ह, आणि २+ असेल तर निर्णय अर्धवट आहे, 'फिश' नावाची पुढची तपासणी लागते. तिचा मासळीशी संबंध नाही, पण आपल्याकडे हे नाव ऐकून पथ्याचा गैरसमज झालेला मी पाहिला आहे.

बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. तो लॅबकडे असतो. पुढची तपासणी मुंबईत करायची झाली तर तोच लागतो. लॅबमध्ये अर्ज देऊन तो मागून घेता येतो. नेताना नंबर जुळवा, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, आणि कुठे, कोणत्या तारखेला दिला ते लिहून ठेवा. गाठीपर्यंत पोचणं कठीण असेल तर काही बिघाड रक्तातूनही तपासता येतात. रिपोर्टला आठवडा ते तीन आठवडे लागतात. तोवर घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो, पण ही थांबण्याची वेळ वाया गेलेली नसते.

गोळी सुरू होण्याआधीचे आठ दिवस

घरातली सगळी औषधं एका पिशवीत घाला आणि डॉक्टरांसमोर ओता. बीपीची, साखरेची, रक्त पातळ करणारी, झोपेची, वैद्यांचा काढा, कुणी आणून दिलेली पूड, सगळं. काढा दाखवायला लोक लाजतात. लाजू नका. ज्या यकृतात ही गोळी पचते, त्याच यकृतात काढाही पचतो. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. आमटीतली, कालवणातली हळद चालते. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोत.

कोणत्या तपासण्या आधी व्हायला हव्यात ते औषधावर अवलंबून आहे. ट्रॅस्टुझुमॅब असेल तर हृदयाचा टू-डी इको, आणि नंतर साधारण दर तीन महिन्यांनी. ऑसिमर्टिनिब, निलोटिनिब, रिबोसिक्लिब यांना ईसीजी. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, कारण शरीरात दबून राहिलेला तो विषाणू या औषधाने उसळून वर येऊ शकतो. यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या तर जवळपास सगळ्यांनाच लागतात. पाळी येत असलेल्या बाईने गर्भ राहू नये याची सोय आधी करावी. पुरुष रुग्णानेही हे विचारावं.

आणि पैसे. त्याबद्दल संकोच न करता पहिल्याच भेटीत बोला. कर्ज काढून तीन महिने गोळी घ्यायची आणि चौथ्या महिन्यात बंद करायची, याहून वाईट काही नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं औषध बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. मूळ कंपनीऐवजी देशी कंपनीचं तेच औषध मिळतं का, ते मेडिकलवाल्याला विचारा. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या सुधारित रूपाला पेटंट नाकारलं, म्हणून ते आज सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे. पाल्बोसिक्लिबचं पेटंट २०२३ मध्ये संपलं आणि त्याच्याही देशी गोळ्या आल्या. अजून पेटंटमध्ये असलेल्या महाग औषधांसाठी कंपन्यांच्या मदत योजना असतात. त्यांचे अर्ज रुग्णालयातूनच जातात, म्हणून तिथल्या समाजसेवा विभागात बसून ते भरून घ्या.

उपचाराला जाताना कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत सवलत आहे. स्लीपर आणि थ्री-एसीत रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातला डॉक्टरांचा दाखला लागतो. परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत प्रत्येक वेळी जावं लागेलच असंही नाही. चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, दक्षिण सिंधुदुर्गाला बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडतं. मधली रक्ततपासणी, ईसीजी, बीपी तर तालुक्यातही होतं. मुंबईच्या डॉक्टरांना विचारा की कोणती तपासणी गावात करून फोटो पाठवला तर चालेल.

वेळ, जेवण आणि पित्ताची गोळी

प्रत्येक गोळीचा जेवणाशी वेगळा संबंध आहे आणि तो पाळायचाच. इमॅटिनिब जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाणी पिऊन. अनशापोटी घेतली तर मळमळ ठरलेली. एर्लोटिनिब, अफाटिनिब, लॅपाटिनिब, पॅझोपॅनिब, सोराफेनिब, निलोटिनिब ही मात्र रिकाम्या पोटी. त्यातल्या प्रत्येकाचं अंतर थोडं वेगळं असतं, ते लिहून घ्या. साधारण जेवणानंतर दोन तास गेलेले आणि पुढच्या खाण्याला एक तास बाकी, असं धरलं तर बहुतेकांचं भागतं. जेफिटिनिब आणि ऑसिमर्टिनिब कसंही चालतं, फक्त वेळ रोज तीच. माझ्या ओळखीचे एक काका संध्याकाळी देवासमोर दिवा लावला की गोळी घेतात. त्यांचा एकही दिवस चुकलेला नाही.

आता पित्ताची गोळी. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल आपल्याकडे चण्यांसारखी खाल्ली जाते. चहाने जळजळलं, घे. वड्या-घावण्यांनी जळजळलं, घे. पण जेफिटिनिब, एर्लोटिनिब, डॅसॅटिनिब यांना विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. आम्ल कमी केलं की गोळी पोटात जाते पण रक्तात पुरेशी उतरत नाही. रुग्ण म्हणतो औषध नियमित घेतोय, आणि गाठ वाढते. गावातल्या कोणत्याही दवाखान्यात पित्ताची गोळी लिहून दिली तर 'माझी कॅन्सरची ही गोळी चालू आहे' असं सांगा आणि पट्टी दाखवा. पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. अँटिबायोटिक, बुरशीवरची औषधं, फिटची औषधं, यांच्याबाबतीतही हेच.

ग्रेपफ्रूट खाऊ नका असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे ते कोण खातं म्हणून आपण पुढे जातो. पण ग्रेपफ्रूट हे पपनसापासूनच संकराने झालेलं फळ आहे. तेच पपनस, गणपतीच्या माटवीला टांगतो ते. औषध पचवणाऱ्या आतड्यातल्या विकराला अडवणारे घटक पपनसातही असतात, मग काही औषधं रक्तात जास्त चढतात. इमॅटिनिब, निलोटिनिब, पाल्बोसिक्लिब, पॅझोपॅनिब अशी औषधं घेणाऱ्याने प्रसादाची फोडही राहू द्यावी. लिंबू, कोकम, आंबा यांना ही बंदी नाही.

गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. जेफिटिनिब आणि ऑसिमर्टिनिबचा नियम असा: पुढच्या गोळीला बारा तासांपेक्षा जास्त वेळ असेल तर आठवल्याबरोबर घ्या, नाहीतर सोडून द्या. उलटी झाली म्हणून पुन्हा गोळी घेऊ नका. गोळी फोडू, कुटू, चघळू नका. पट्टी फाडून देणारी सून गरोदर असेल तर ते काम दुसऱ्याने करावं.

कातडी

ईजीएफआरवरच्या औषधांच्या पुळ्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत उठतात. दिसतात तारुण्यपीटिकांसारख्या, पण त्या तशा नव्हेत, म्हणून टीव्हीवरच्या जाहिरातीतली मुरुमांची क्रीम लावली की कातडी आणखी सोलवटते. काय करायचं: पहिल्या दिवसापासून, पुळ्या यायच्या आधीपासूनच, सौम्य साबण, कोमट पाणी, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर, दिवसातून दोनदा. सकाळी बाहेर पडायच्या आधी एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन. 'खेडेगावातल्या बाईने सनस्क्रीन?' असं हसणाऱ्याकडे लक्ष देऊ नका, हा नट्टापट्टा नव्हे. मासळी सुकत घालणं, अंगणात कुळीथ-मिरच्या वाळवणं, काजू गोळा करणं, ही कामं दुपारी अकरा ते चार दुसऱ्याने करावीत. चुलीच्या धगीसमोर तासन्‌तास बसणंही टाळावं.

खोबरेल तेलाबद्दल रोज विचारतात. कोरड्या पडलेल्या पोटऱ्यांना, हातांना लावा. चेहऱ्यावरच्या, पाठीवरच्या पुळ्यांवर चोळू नका, छिद्रं बुजतात. पुळ्या पिकल्या, खाज झोपू देईना, किंवा दर्पणात बघवेना (हेही कारण पुरेसं आहे), तर डॉक्टरांना फोटो पाठवा. ते डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी आणि सौम्य स्टिरॉइड क्रीम देतात. काही डॉक्टर डॉक्सिसायक्लिन सुरुवातीपासूनच देतात, आणि त्याने तीव्र पुळ्या कमी होतात. फार झालं तर डॉक्टर स्वतःच गोळी चार दिवस थांबवतात किंवा डोस उतरवतात. ठरवून, तारीख लिहून घेतलेली ही विश्रांती वेगळी, आणि आत्याने घेतली तशी गुपचूप सुट्टी वेगळी. पहिलीत डॉक्टरला माहीत असतं की गाठीवर किती दिवस औषध नव्हतं. दुसरीत पुढच्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली तर त्याला वाटेल औषध हरलं, आणि चांगलं औषध बदललं जाईल.

पुळ्या आल्या म्हणजे औषध लागू पडलं, असंही लोक एकमेकांना सांगतात. ज्यांना पुळ्या येतात त्यांच्यात गुण जास्त दिसतो हे अभ्यासांत आढळलं आहे. पण म्हणून त्या सोसायच्या नसतात, आणि ज्याला आल्या नाहीत त्याने घाबरायचं नसतं.

दीड-दोन महिन्यांनी नखांची पाळी येते. अंगठ्याच्या कडेला सूज, ठणका, पू, म्हणजे नखुरडं. लावणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर उभं राहिलं की ते चिघळतंच. या वर्षी लावणीला बाई लावा. नखं सरळ कापा, कोपरे खोलवर कोरू नका, भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी मोजे घाला, आणि गच्च चप्पल सोडून द्या.

सोराफेनिब, सुनिटिनिब, रेगोराफेनिब यांत तळहात-तळपाय लाल होतात, जळतात, जाड पडून चिरतात. अनवाणी चिऱ्यांच्या पायवाटेवर किंवा तापलेल्या कातळावर चालणं, जाळं ओढणं, काजूबिया फोडणं (तिच्या टरफलातलं तेल चांगल्या हातालाही भाजतं), हे सगळं बंद. मऊ चप्पल घरातही. युरिया असलेली क्रीम रात्री लावून सुती मोजे.

पोट

जुलाब होणार हे धरून लोपेरामाइड आणि ओआरएस आधीच घरात आणून ठेवा, आणि कसं घ्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. साधारण रीत अशी: पहिल्या पातळ जुलाबाला दोन मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, मग प्रत्येक जुलाबानंतर एक, दिवसाला आठच्या वर नाही. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर ही गोळी न घेता थेट डॉक्टर. ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच, अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात नव्हे.

खाण्यात आपली पेज आहेच. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली पेज या दिवसांत सगळ्यात चांगली. शहाळ्याचं पाणी चांगलं, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारून, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. तिखट कालवण, तळलेली मासळी, दूध, फणसाचे गरे काही दिवस नकोत. नेहमीपेक्षा दिवसात चार वेळा जास्त जावं लागलं, किंवा चोवीस तासांत लोपेरामाइडने उतार पडला नाही, की फोन. 'बघू उद्या' असं म्हणायचं नाही. म्हातारं माणूस एका रात्रीत सुकतं.

तोंड आलं असेल तर मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या आणि मऊ ब्रश. मशेरी आणि तंबाखू सोडाच. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात एर्लोटिनिब कमी उतरतं, हेही त्याला सांगा.

बाकीचे त्रास, थोडक्यात

गाठीचा रक्तपुरवठा तोडणाऱ्या औषधांनी, म्हणजे बेव्हॅसिझुमॅब, सुनिटिनिब, पॅझोपॅनिब, लेन्व्हाटिनिब यांनी बीपी चढतो. घरात मशीन घ्या. पहिले दोन महिने रोज मोजून लिहा. दोन-तीनदा १४०/९० च्या वर आला तर कळवा. सुकट, खारा बांगडा, लोणचं, पापड यांतलं मीठ आपण मोजत नाही, ते मोजायला लागा. याच औषधांनी जखम भरायला वेळ लागतो, त्यामुळे दात काढायचा असला तरी आधी विचारा.

इमॅटिनिबने सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, रात्री पोटऱ्यांत पेटके येतात, काहींचा रंग उजळतो. घाबरण्यासारखं नाही, पण वजन एकाएकी वाढलं तर सांगा. पाल्बोसिक्लिबने पांढऱ्या पेशी उतरतात. २१ दिवस गोळी आणि ७ दिवस सुट्टी हा हिशेब कॅलेंडरवर लाल-निळ्या पेनाने मांडा. ओलापरिबने रक्त कमी होतं, धाप लागते.

यासाठी सकाळची वाट बघू नका

नव्याने आलेला कोरडा खोकला आणि धाप. टार्गेटेड औषधाने क्वचित फुप्फुसाला सूज येते आणि ती वेगाने वाढते. 'पावसाळी खोकला' म्हणून काढा देत बसू नका. पुढची गोळी घेण्याआधी फोन करा.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो, डेंग्यू, मलेरिया असतोच, दोडामार्ग-सावंतवाडीकडे माकडतापही. हे औषध घेणाऱ्याचा ताप घरी पॅरासिटामॉल देऊन बघायचा नसतो. त्याच दिवशी रक्त तपासा.

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, छातीत दुखणं. डोळे-लघवी पिवळी होणं. काळी शौच, न थांबणारा घोळणा. एका पायाला अचानक सूज. अंगभर फोड येऊन कातडी सुटणं. यातलं काहीही झालं तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा, जाताना पट्टी आणि फाइल हातात असू द्या. तिथल्या डॉक्टरने हे औषध कधी पाहिलं नसेल, तर त्याला तुमच्या कॅन्सरतज्ज्ञाशी फोन जोडून द्या.

पावसाळा आणि साठा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावांत आठवड्यांच्या आठवडे वीज नव्हती. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली होतं. दरड कोसळली की रेल्वे बंद, घाट बंद. म्हणून मे अखेरीपासून घरात निदान पंधरा दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या ठेवा आणि पट्टी संपायच्या दहा दिवस आधी मेडिकलला सांगा. ही औषधं आम्हीही मागवूनच देतो.

गोळ्या मूळ पट्टीतच, झाकणाच्या कोरड्या डब्यात, चूल आणि फ्रिज दोघांपासून लांब. दमट हवेत उघडी गोळी मऊ पडते. इंजेक्शनची बाटली मात्र २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. बर्फाच्या पेटीतून नेताना ती बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं औषध वाया गेलं. पक्कं बिल घ्या, त्यावरचा बॅच नंबर पट्टीशी जुळवा. २०२४ मध्ये दिल्लीत बनावट कॅन्सर औषधांची टोळी पकडली गेली आहे. ओळखीतला कोणी निम्म्या भावात आणून देतो म्हणाला तर घेऊ नका.

औषध दमलं तर

बहुतेक औषधांना कधी तरी गाठ चकवते. स्टार्टर बंद केला तर ती तार थेट जोडून घेते. ईजीएफआरच्या रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीत आजार रोखून धरण्याचा मध्यम काळ जुन्या गोळ्यांवर १०.२ महिने आणि ऑसिमर्टिनिबवर १८.९ महिने होता. म्हणून बरं वाटत असलं तरी स्कॅनची तारीख चुकवायची नाही. वाढ दिसली तर पुन्हा बायोप्सी किंवा रक्ततपासणी होऊ शकते, कारण नवा बिघाड कळला तर त्यावरचं औषध असू शकतं. आत्याच्या रक्तात दीड वर्षाने टी७९०एम हा ईजीएफआरमधला नवा बिघाड सापडला, आता ती ऑसिमर्टिनिबवर आहे. तिच्या वहीत रोज चार रकाने असतात: गोळीची वेळ, शौच किती वेळा, कातडी, आणि 'काय वाटता'. शेवटचा रकाना तिने स्वतः वाढवला. दर रविवारी पानाचा फोटो माझ्याकडे येतो.

आणि उरलेल्या गोळ्यांचं. औषध बदललं किंवा माणूस गेला की घरची मंडळी अर्धी पट्टी घेऊन माझ्याकडे येतात. 'ताई, दहा हजारांच्या आहेत, एखाद्या गरिबाला द्या.' त्यांचे हात थरथरत असतात, आणि नाही म्हणणं मला फार जड जातं. पण कोणाच्या गाठीत कोणता बिघाड आहे हे मला माहीत नसतं, ती पट्टी कुठल्या उन्हात राहिली तेही माहीत नसतं. मी त्यांना खुर्ची देते, पाणी देते. मग पट्टी घेते, वेगळ्या डब्यात ठेवते, आणि महिन्यातून एकदा रुग्णालयाच्या पिवळ्या पिशवीत पाठवते. ती विहिरीकाठी, परसातल्या खड्ड्यात किंवा वहाळात टाकू नका.